न्यायालयाच्या अंगणात मनू

राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठाच्या आवारात १९८९ साली मनूचा पुतळा उभा करण्यात आला. भारतीय प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेची शपथ घेऊन न्यायदान करणाऱ्यांच्या दारात, जन्मावरून माणसाचे मोल ठरविणारी संहिता ज्याच्या नावावर आहे त्या पुरुषाची ही प्रतिष्ठापना होती. पुतळ्याची मागणी राज्यातील न्यायिक अधिकाऱ्यांच्या संघटनेने केली, लायन्स क्लबच्या प्रतिष्ठितांनी तिला हातभार लावला आणि उच्च न्यायालयाच्या प्रशासनाने परवानगी दिली. दलित संघटनांनी आणि पुरोगामी वकिलांनी निषेधाचा आवाज उठविला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी पूर्ण बैठकीत त्याच वर्षी ठराव केला की, हा पुतळा येथून हलविण्यात यावा. त्यावर विश्व हिंदू परिषदेचे आचार्य धर्मेंद्र न्यायालयात गेले आणि ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळाली.

ही स्थगिती तात्पुरती होती. तीन तपे उलटली. २०१५ साली प्रकरण सुनावणीला आले, परंतु तडीस गेले नाही. अर्जदार २०२२ साली निवर्तले; स्थगिती मात्र त्यांच्या मागेही जिवंत राहिली. आपल्याच अंगणातील एक दगड हलविण्याचा स्वतःचाच निर्णय देशातील एका उच्च न्यायालयाला अमलात आणता येऊ नये, ही घटना विनोदी वाटण्याजोगी आहे. परंतु राजस्थानच्या खेड्यांतील दलितांना, शेतमजुरांना आणि स्त्रियांना तीत विनोद सापडलेला नाही.

पुतळ्याच्या समर्थकांचा एक ठरलेला युक्तिवाद आहे. मनू हा जगातला पहिला कायदेकार. कायद्याच्या मंदिरात त्याचे स्मरण होणे हा राष्ट्राभिमानाचा विषय आहे. त्याच्या ग्रंथातील चार कालबाह्य श्लोकांचे भांडवल करू नये. ठीक आहे. श्लोक चारच आहेत की त्या चारांवरच संपूर्ण इमारत उभी आहे, हे न्यायालयाच्याच संदर्भात तपासून पाहावे. या संहितेचा आठवा अध्याय न्यायदानाविषयी आहे. त्यात सांगितले आहे की, केवळ जन्माने ब्राह्मण असलेला माणूसदेखील राजाला धर्मनिर्णय सांगू शकतो, शूद्राने मात्र तो कदापि सांगू नये. म्हणजे पुतळ्याचा कायदा चालला असता, तर घटनेच्या आधारे त्या इमारतीत न्यायाधीश म्हणून बसलेल्या कित्येकांना तेथे पाऊलही टाकता आले नसते. साक्षीदाराला शपथ देण्याची रीतही तेथे वर्णानुसार बदलते. ब्राह्मणाला नुसते ‘बोल’ म्हणून विचारावे. वैश्याला गाई, धान्य आणि सोने यांची शपथ घालावी. शूद्राला मात्र सर्व पातकांचा धाक घालावा. शिक्षेचे गणितही असेच आहे. ज्या अपराधासाठी इतरांना देहदंड आहे, त्यासाठी ब्राह्मणाचे मुंडन पुरेसे मानले आहे. उलट, द्विजाला उर्मटपणे बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटण्यास सांगितले आहे.

परंतु या सर्वांहून बोलकी तरतूद व्याजाची आहे आणि तिच्याकडे पुरोगाम्यांचेही लक्ष क्वचितच जाते. महिन्याला शेकडा व्याज ब्राह्मणाकडून दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच, असा दर त्या अध्यायात ठरवून दिला आहे. ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे, त्याने सर्वांत जास्त द्यावे! त्याच संहितेत असेही म्हटले आहे की, शूद्राने सामर्थ्य असले तरी धनसंचय करू नये, आणि त्याच्यापाशी जे काही असेल ते ब्राह्मणाने निःशंकपणे घ्यावे, कारण शूद्राच्या मालकीचे असे काही नसतेच. एखाद्या कादंबरीकाराने पृथ्वीपासून कोट्यवधी मैल दूरच्या ग्रहाची कल्पना करावी, तेथे पुरोहितांचे राज्य दाखवावे आणि त्या राज्यात कर्जाचा दर जातीवरून ठरतो असे लिहावे, तर वाचक त्याला कल्पनेचा अतिरेक म्हणतील. येथे त्याच कायद्याला पुष्पहार घातले जातात.

तेव्हा वर्णव्यवस्था म्हणजे केवळ शिवाशिवीचा, सोवळ्याओवळ्याचा आचार नव्हे. ती श्रमाच्या लुटीची सनद आहे. कोणी राबावे, कोणी खावे, कोणाच्या हाती जमीन असावी, कोणाच्या मुलाला अक्षर कळावे आणि कोणाच्या घरात धान्य उरू नये, याचा बंदोबस्त तिने केला आणि त्या बंदोबस्ताला ईश्वराची मोहोर लावली. लुटीला पोलीस लागतो, पहारेकरी लागतो. लुटल्या जाणाऱ्यालाच लूट हा आपला धर्म वाटू लागला की पहाऱ्याचा खर्च वाचतो.

राष्ट्राभिमानाचा मुद्दाही टिकत नाही. मनूला आधुनिक न्यायालयाच्या मेजावर आणून बसविले ते ईस्ट इंडिया कंपनीने. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने हिंदूंच्या वारसा, विवाह इत्यादी बाबींचा निवाडा शास्त्रांप्रमाणे करण्याची योजना आखली, आणि त्या गरजेतून विल्यम जोन्सने मनूच्या संहितेचे इंग्रजी भाषांतर केले. ते १७९४ साली कलकत्त्यात छापले गेले. महसूल गोळा करणाऱ्या परक्या सत्तेला प्रत्येक जातीचा भिन्न आचार समजून घेण्यापेक्षा एक पोथी आणि ती वाचून दाखविणारा एक पंडित सोयीचा होता. आज जे ‘भारतीय न्यायपरंपरे’चे गोडवे गातात, त्यांच्या परंपरेवर कंपनी सरकारचा शिक्का आहे. स्वतंत्र भारताची राज्यघटना संमत झाली त्याच आठवड्यात, ३० नोव्हेंबर १९४९ च्या अंकात, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या ‘ऑर्गनायझर’ने तक्रार केली होती की, या घटनेत मनूच्या कायद्यांची दखलही घेतलेली नाही. जयपूरचा पुतळा हे त्या तक्रारीचे दगडी रूप आहे.

पण तो १९८९ मध्येच आणि जयपूरमध्येच का उभा राहिला?

राजपुताना हा संस्थानांचा आणि जहागिरींचा प्रदेश. ३० मार्च १९४९ रोजी जयपूर, जोधपूर आदी संस्थाने मिळून राजस्थान झाले आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला जयपूरचे महाराज सवाई मानसिंग यांच्या हस्ते उच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले. जहागिरी संपविण्याचा कायदा १९५२ साली आला. त्याआधी शेखावाटीच्या शेतकऱ्यांनी ठिकाणेदारांच्या लागबागांविरुद्ध आणि वेठीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला होता. १९३४ साली सीकर येथील महायज्ञात जाट यजमानाची मिरवणूक हत्तीवरून काढण्यास ठिकाणेदारांनी हरकत घेतली, कारण हत्तीवर बसणे हा राजपुताचा मान! पुढल्याच वर्षी कुदन गावी शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. जहागिरदार कायद्याने गेला. परंतु त्याची हवेली, त्याची बसण्याची गादी आणि गावाने त्याच्यापुढे वाकण्याची सवय राहिली. काँग्रेस सरकारने जमीन सुधारणेचे काम जेथे सोडून दिले, तेथे मताची पेढी म्हणून त्याच जुन्या घराण्यांना जवळ केले.

मग ४ सप्टेंबर १९८७ रोजी सीकर जिल्ह्यातील देवराला गावात अठरा वर्षांच्या रूपकंवरला पतीच्या चितेवर जाळण्यात आले. उच्च न्यायालयाने चुनरी महोत्सवाला मनाई केली असतानाही लाखोंचा जमाव जमला आणि सरकारने तो डोळ्यांनी पाहिला. जयपूरच्या रस्त्यावर तलवारी घेऊन ‘धर्मरक्षणा’चे मोर्चे निघाले. त्याच वर्षी संसदेने सतीविरोधी कायदा केला. सतीच्या उदात्तीकरणाच्या खटल्यातील उरलेले आठ आरोपी २०२४ च्या ऑक्टोबरात जयपूरच्या विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. देवरालानंतर दोन वर्षांनी न्यायालयाच्या आवारात मनू आला. त्याच १९८९ साली संसदेने अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदा संमत केला, हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. एकीकडे दलित आपला हक्क कायद्याच्या भाषेत मागू लागला होता, दुसरीकडे त्या कायद्याच्या घरासमोर त्याला त्याची जुनी जागा दाखविणारा पुतळा उभारला जात होता.

ती जागा पुढे प्रत्यक्षातही दाखविण्यात आली. जयपूरपासून फार दूर नसलेल्या भटेरी गावात शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या कुंभार जातीच्या भंवरीदेवींनी बालविवाहाला विरोध केला, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली सत्र न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून सर्वांना मुक्त केले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीवर असा अत्याचार करतील हे संभवत नाही, अशा आशयाचा तर्क त्या निकालात होता. या तर्काला भारतीय दंडसंहितेत किंवा पुराव्याच्या कायद्यात आधार नव्हता. आधार कोठे आहे, हे न्यायालयाच्या आवारात उभ्या असलेल्या पुतळ्याकडे बोट दाखवून सांगता येते. भंवरीदेवींच्या लढ्यातूनच १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा ‘विशाखा’ निर्णय आला, देशातील लक्षावधी नोकरदार स्त्रियांना संरक्षण मिळाले. स्वतः भंवरीदेवींचे अपील मात्र जयपूरला वर्षानुवर्षे धूळ खात राहिले.

पराभूत व्यवस्थेने आपले पुतळे उभारावेत, ही गोष्ट भारतापुरती मर्यादित नाही. अमेरिकेत गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेली दक्षिणेची राज्ये १८६५ साली यादवी युद्धात हरली. परंतु त्यांच्या सेनानींचे पुतळे प्रामुख्याने युद्धानंतर लगेच उभे राहिले नाहीत. ते काळ्या माणसाचा मतदानाचा हक्क पुन्हा हिरावून घेण्याच्या आणि वंशभेदाचे कायदे लादण्याच्या काळात उभे राहिले. रिचमंडला जनरल लीचा पुतळा १८९० साली आला. अशी कित्येक स्मारके नेमकी न्यायालयांच्या हिरवळीवर उभारण्यात आली, जेणेकरून दाद मागायला येणाऱ्या काळ्या माणसाने आत शिरण्यापूर्वीच निकाल समजून घ्यावा. उत्तर कॅरोलिनातील डरहॅम येथे जुन्या न्यायालयासमोर १९२४ साली उभारलेला असा सैनिकाचा पुतळा लोकांनी २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोर लावून खाली ओढला. त्यांच्यावर खटले भरले गेले आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्यांपैकी एकही टिकला नाही. लीचा पुतळा २०२१ साली सरकारनेच उतरविला. युद्धात हरलेली व्यवस्था दगडात परत येते, ती मालकीचे संबंध पुरतेपणी मोडलेले नसतात म्हणून. अमेरिकेत मुक्त झालेल्या गुलामाला जमीन मिळाली नाही. भारतात तर असे युद्धही झाले नाही. घटना आली, कायदा आला आणि जमीन होती तेथेच राहिली.

स्थगितीचा डावही नवा नाही. महाराष्ट्रातील वाचकांना तो चांगला परिचयाचा आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्राशन केले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सनातन्यांनी तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा करून दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. मंडपाला जागा द्यायला गावात कोणी तयार नव्हते. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. मनाई हुकुमामुळे तळ्यावर जाणे तहकूब झाले, परंतु २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच मंडपापुढे मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता आणि ते जन्माने ब्राह्मण होते, हे मनूच्या आजच्या कैवाऱ्यांनी लक्षात ठेवावे. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला तो मार्च १९३७ मध्ये. परक्यांच्या राज्यात, तीन न्यायालयांच्या पायऱ्या चढून, पाण्याच्या प्रश्नाला दहा वर्षांच्या आत निकाल मिळाला. स्वराज्यात, एकाच न्यायालयाच्या आवारात, पुतळ्याच्या प्रश्नाला छत्तीस वर्षांत मिळाला नाही. २००० साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कार्यकर्त्यांनी महाड ते जयपूर अशी यात्रा काढली, ती या दोन मनाई हुकुमांना जोडणारी यात्रा होती.

दरम्यान राजस्थानात सरकारे बदलली. कधी काँग्रेसचे, कधी भाजपचे, जवळजवळ पाळी लावल्यासारखे. पुतळा काँग्रेसच्या राजवटीत उभा राहिला. भाजपने त्याचे रक्षण केले यात नवल नाही; परंतु निवडणुकीच्या सभांत घटनेची प्रत उंचावून दाखविणाऱ्या काँग्रेसला आपल्या राजवटींत हे प्रकरण सुनावणीस लावून घेण्याचा आग्रह धरता आला नाही, याचे उत्तर तिने दिले पाहिजे.

आता प्रश्न पक्षाच्या आतला. काही साथींच्या तोंडी आजही एक वाक्य ऐकू येते: पुतळ्याचा प्रश्न भावनेचा आहे, अस्मितेचा आहे; तो दलित संघटनांनी पाहावा; कम्युनिस्टांनी जमीन, मजुरी आणि भाव यांचे लढे करावेत; पाया बदलला की इमला आपोआप कोसळेल. हे वाक्य मार्क्सवादी वाटते, परंतु मार्क्सवादी नाही. भारतात जात ही इमल्यात आहे तितकीच पायातही आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक होती आणि तेथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता, कारण धोट्यातील कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याची थुंकी इतरांना बाटवील! लाल बावट्याखाली संप करणारे कामगारच ही बंदी पाळत होते. १९२८ च्या महान संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी तो मागण्यांत घेतला, पण मन मोठे करून नव्हे. त्या हात आखडण्याची किंमत चळवळीने पुढे कित्येक दशके मोजली. महाड परिषदेच्या संघटकांपैकी एक असलेले आणि १९३० साली पक्षात आलेले कॉ. आर. बी. मोरे यांनी पन्नाशीच्या दशकात पक्षनेतृत्वाला टिपण लिहून बजावले होते की, अस्पृश्यतेचा आणि जातीचा प्रश्न हा वर्गलढ्याच्या वाटेवरचा आडप्रश्न नाही. त्या टिपणाकडे जितके लक्ष द्यायला हवे होते, तितके दिले गेले नाही. हे मान्य करण्यात पक्षाचा कमीपणा नाही.

पाया आणि इमला यांचा संबंध राजस्थानात किती थेट आहे, हे नागौर जिल्ह्यातील डांगावासने दाखविले. राजस्थान कुळकायद्याच्या ४२ व्या कलमान्वये अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन इतर जातीच्या माणसाला विकत घेता येत नाही. तरीही एका मेघवाल कुटुंबाच्या काही बिघे जमिनीवर गावातील जाटांनी हक्क सांगितला आणि मे २०१५ मध्ये दलितांच्या अंगावर ट्रॅक्टर घातले. पाच दलितांचे प्राण गेले. शूद्राने धन साठवू नये, हा संहितेतील नियम येथे ट्रॅक्टरच्या चाकाने अमलात आणला. त्यातही एक कडू गोष्ट आहे. ज्या समाजाला सुमारे नव्वद वर्षांपूर्वी ठिकाणेदाराने हत्तीवर बसू दिले नाही, त्याच समाजातील धनदांडगे आज गावोगाव दलित नवरदेवाला घोडीवरून खाली उतरवतात. जहागिरदाराशी लढलेला शेतकरी जमिनीचा मालक झाला. परंतु वर्णाच्या शिडीवरची आपली पायरी सोडून देण्याची गरज त्याला कोणी पटवून दिली नाही. शेखावाटीत किसान सभेचे बळ मोठे आहे. २०१७ चे सीकरचे आंदोलन देशाने पाहिले आणि २०२४ साली तेथून कॉ. अमराराम लोकसभेत निवडून गेले. म्हणूनच तेथील जबाबदारीही मोठी आहे: कर्जमाफीच्या सभेत बसलेल्या जाट शेतकऱ्याला मेघवाल शेतमजुराच्या जमिनीविषयी आणि त्याच्या घोडीविषयी बोलते करणे. हे काम पुतळ्याच्या कामाहून वेगळे नाही.

८ ऑक्टोबर २०१८ रोजी औरंगाबादहून गेलेल्या दोन स्त्रिया न्यायालयाच्या आवारात शिरल्या, पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढल्या आणि त्यांनी मनूच्या तोंडाला काळे फासले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा सौम्य करण्याविरुद्ध दलितांनी भारत बंद पाळला होता आणि राजस्थानात त्यांची घरे जाळण्यात आली होती. दोघींनाही अटक झाली. त्यांच्या मार्गाविषयी मतभेद असू शकतात. चार हातांनी फासलेले काळे धुऊन काढता येते, चार लाख हातांची मागणी धुता येत नाही, असे म्हणणारे साथी बरोबर आहेत. पण मग ते चार लाख हात जमविण्यासाठी या वर्षांत काय केले, या प्रश्नापाशी त्यांनी थांबले पाहिजे. शेकडो मैल प्रवास करून गेलेल्या त्या दोघींना दोष देण्याचा अधिकार त्या उत्तरानंतर येतो.

राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःच्या १९८९ च्या ठरावावरील स्थगितीचे प्रकरण निश्चित तारीख देऊन अंतिम सुनावणीस घ्यावे आणि राज्य सरकारने त्यात आपली बाजू प्रतिज्ञापत्रावर मांडावी, ही मागणी सर्व डाव्या आणि जनवादी संघटनांनी एकत्रितपणे केली पाहिजे. येत्या २५ डिसेंबरला, मनुस्मृती दहनाच्या दिवशी, शेतमजूर युनियन, किसान सभा आणि महिला संघटनांच्या शाखांनी तालुक्या-तालुक्याला सभा घ्याव्यात, आणि त्या सभांत दलितांच्या बळकावलेल्या जमिनीचा प्रश्न आणि जयपूरच्या पुतळ्याचा प्रश्न एकाच ठरावात मांडावा.